सभ्य भाषांतर

तारा आणि ईशान,

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. साताऱ्यातला चौक, दोन जेसीबी, त्यांच्या तोंडातून खाली ओतली जाणारी झेंडूची फुलं आणि उघड्या जीपमध्ये हात जोडून उभा असलेला पांढऱ्या केसांचा माणूस. तुम्ही विचारलंत, आजी, हा तुझ्या जुन्या फोटोतला साहेब ना? निवडणूक जिंकला का?

नाही. लाच घेतली म्हणून त्याला शिक्षा झाली आहे. अपील करण्यासाठी जामीन मिळाला. तुम्ही पाहिली ती जामिनाची मिरवणूक.

एवढं उत्तर पुरलं असतं. तुमच्याशी मी नेहमी इंग्रजीत बोलते, इंग्रजीतच लिहिते. हे मात्र मराठीत लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. इंग्रजीत का नाही ते पुढे कळेल. आणि आत्ताच का, तर याच माणसासाठी एक पत्र मागायला या महिन्यात दोघेजण माझ्या घरी आले होते, आणि ते पत्र मी जवळजवळ लिहून दिलं होतं.

आधी साताऱ्याच्या ऑफिसातला खेळ सांगते.

साहेबांचं वकिलीचं ऑफिस कोर्टापासून पाच मिनिटांवर होतं. मी तिथे इंग्रजी टायपिस्ट. नावाला टायपिस्ट. साहेब मुद्दे सांगायचे आणि इंग्रजी मी लिहायचे. अर्ज, नोटिसा, मुंबईला जाणारे कागद, सगळं. सही त्यांची. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. वकिलाच्या ऑफिसात तसंच असतं.

संध्याकाळी पाहुणे येत. कारखान्याचे संचालक, डॉक्टर, कॉलेजातले प्राध्यापक. चहा व्हायचा. मग साहेब मी टाइप केलेलं एखादं पान पाहुण्यांच्या हातात द्यायचे.

"वाचा. आणि ओळखा कोणी लिहिलंय."

पाहुणे वाचायचे. कोणी म्हणायचं, पुण्याचं कोणीतरी असणार. कोणी म्हणायचं, कॉन्व्हेंटमधली मुलगी. एकदा एक डॉक्टर म्हणाले, "घरात दोन पिढ्या इंग्रजी असल्याशिवाय असं वाक्य उतरत नाही."

मग साहेब बेल वाजवायचे. मी कपाटाच्या आडून उठून आत जायचे. साहेब माझं नाव सांगायचे. जरा थांबायचे. मग आडनाव. ते सावकाश उच्चारायचे, आंधळ्याला पत्ता सांगावा तसं.

"आता बोला!"

पाहुणे माझ्याकडे बघायचे. आधी तोंडाकडे, मग पायांकडे. "वाटत नाही हो," कोणीतरी म्हणायचं. सगळे हसायचे. साहेब म्हणायचे, "इंग्रजी बघा, आडनाव बघू नका."

आडनाव सांगून झाल्यावर म्हणायचे.

मीसुद्धा हसायचे. हे नीट वाचा. मी हसायचे आणि मला अभिमान वाटायचा. घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगायचे, आज डॉक्टर असं म्हणाले. आजोबा जेवता जेवता थांबायचे. एकदा ते म्हणाले, "सर्कशीत अस्वल सायकल चालवतं, तेव्हा लोक सायकलीला टाळ्या वाजवत नाहीत." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

माझ्या वडिलांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा मी जन्मलेही नव्हते. देव, नवस, गावकीची कामं, सगळं त्यांनी एका दिवसात सोडलं. आडनाव तेवढं राहिलं. पाटणच्या बाजूला कोणालाही ते सांगा, तो तुम्हाला गावाच्या कोणत्या कडेला घर ते सांगेल. मला वाटायचं, इंग्रजी इतकं नीट लिहायचं की समोरच्याला कड दिसू नये. बारा वर्षं मी तेच केलं.

आता शिक्षेबद्दल.

मी ते ऑफिस सोडल्यावर साहेब मोठे झाले. सरकारने त्यांना सरकारची बाजू मांडायला नेमलं. लोणंदकडच्या एका निवृत्त फौजीची मुलगी सासरी जळून मेली. तिची केस सरकारतर्फे साहेबांकडे आली. केस नीट चालवायची असेल तर वेगळं काही द्यावं लागेल, असा निरोप त्यांनी मुलीच्या बापाला पाठवला. मेलेल्या मुलीच्या बापाला. फौजी कोणाशी काही न बोलता तक्रार करून आला. पैसे घेताना साहेब सापडले. खटला बरीच वर्षं चालला आणि गुन्हा शाबीत झाला.

त्या दिवसापासून मी इथे, सांगलीत, कान उघडे ठेवून फिरते आहे. काय ऐकलं ते सांगते.

सकाळी कृष्णेच्या काठावर आम्ही चार-पाच जणी चालायला जातो. एक म्हणाली, "एवढा मोठा माणूस. कोणीतरी अडकवलं असणार." दुसरी म्हणाली, "सगळेच घेतात, हे सापडले." तिसरीने त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली.

आमच्या इमारतीत खाली राहणारे गुळाचे व्यापारी म्हणाले, "खाल्लं असंल. पण काम करून खाल्लं. हल्लीची पोरं काम न करता खात्यात."

रिक्षावाल्याने फ्लेक्स दाखवला. 'साहेब, आम्ही तुमच्यासोबत.' खाली चाळीस चेहरे. तो म्हणाला, "आजी, आपन हेल्मेट न्हाई घातलं तर पावती. ह्यांस्नी शिक्षा झाली तर फुलं." मला बरं वाटलं. कोणीतरी बोललं म्हणून. पुढच्या चौकात तोच म्हणाला, "पन मानूस लय दिलदार बगा. माझ्या मेव्हन्याला त्येंनीच सोडवला."

आणि फौजी? त्याच्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. तिरक्या डोक्याचा आहे. व्यवहार कळत नाही. भाजी मंडईत एकजण दुसऱ्याला म्हणाला, "पोरगी तर गेलीच हुती. म्हाताऱ्यानं वकील बी घालवला." दुसरा हसला. मी तिथे मेथी निवडत उभी होते. मेथी घेतली आणि घरी आले.

मी कुठेही काही बोलले नाही. फ्लेक्सवर माझा चेहरा नव्हता, एवढंच.

मग ते दोघे आले. एक निवृत्त प्राचार्य. साताऱ्याच्या त्या संध्याकाळच्या पाहुण्यांपैकी. आता तेही थकले आहेत, काठी घेऊन जिना चढले. त्यांच्याबरोबर तुमचा संजयमामा, माझ्या भावाचा मुलगा. तो आमच्या विहाराच्या कमिटीचा अध्यक्ष आहे. विहाराचा हॉल साहेबांच्या देणगीतून झाला, दारातल्या दगडावर त्यांचं नाव आहे.

प्राचार्यांनी माझ्या पुस्तकांचं कौतुक केलं. घर किती नीटनेटकं आहे म्हणाले. मग विषयावर आले. साहेबांची सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, रद्द होईल अशी भीती आहे. तो निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांना सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रतिष्ठित नागरिकांचं पत्र द्यायचं आहे.

"पत्र इंग्रजीत हवं, आणि तुमच्यासारखं इंग्रजी इकडे कोणाचं नाही. हे मी आज नाही म्हणत, तेव्हापासून म्हणतोय."

"आणि सही?" मी विचारलं.

"अर्थात. डॉक्टरांची झाली. कारखान्याच्या दोघांची झाली. एक मुसलमान व्यापारी आहेत. आता तुमच्या समाजाचं एक नाव पाहिजे. तुम्ही असलात की प्रश्नच मिटतो."

संजय पुढे सरकला. "आत्या, लय काय लिहायचं न्हाई. जात न बगता तुला कामाला घेतलं, बारा वर्षं मानानं ठेवलं. एवढंच. खोटं काय हाय त्यात?"

"आणि त्या फौजीचं काय?"

प्राचार्यांनी चष्मा काढला. त्यांना खरोखर कळलं नाही. "त्याचा इथे काय संबंध?"

"विहाराची फरशी कुनी दिली?" संजय म्हणाला. "आपल्यातले साहेब झालेले किती हायत, नोकरदार किती हायत. एक तरी लादी दिली का कुनी? त्येंनी दिली. आता त्येंच्यावर येळ आल्यावर आपन तोंड फिरवायचं व्हय?"

मीसुद्धा लादी दिली नव्हती. मी म्हणाले, "बघते." त्यांनी ते हो असं धरलं, आणि त्यांचं चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी टेबलाशी बसले. तुम्ही दिलेला लॅपटॉप उघडला आणि पत्र लिहायला घेतलं. खोटं कशाला सांगू, मजा आली. इतक्या वर्षांनी हाताला ते काम मिळालं होतं. पहिला परिच्छेद झाला. चांगला झाला. एक शब्द दोनदा बदलला. दुसऱ्या परिच्छेदात लिहायचं होतं की या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाची जात पाहिली नाही. तेही लिहिलं. इंग्रजीत ते वाक्य फार सुरेख उतरलं.

मी ते मोठ्याने वाचलं. आणि उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

हौसाबाई आठवली, असं म्हणणार होते. पण ते खरं नाही. मी तिला कधी विसरलेच नव्हते. तिच्याकडे न बघता जगायची सवय लावून घेतली होती.

पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, त्या काळातली ही गोष्ट. पाटण तालुक्यातल्या एका गावात हौसाबाई निवडून आली. आपल्यातलीच. शेतात मजुरी करणारी, चौथी शिकलेली. पहिल्या ग्रामसभेला शाळेच्या पडवीत सदस्यांसाठी लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. ती खुर्चीत बसली. उपसरपंच आला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला,

"ए म्हारडे, ऊठ. खुर्ची काय तुझ्या बानं आणली व्हय?"

आणि त्याने खुर्चीला लाथ मारली. ती खाली पडली, कोपर मोडलं. मोडक्या हाताने ती पोलीस ठाण्यात गेली आणि फिर्याद दिली. फिर्यादीत ते वाक्य जसंच्या तसं होतं. जातीवरून केलेल्या अपमानासाठी वेगळा, कडक कायदा आहे. त्या कायद्याचं कलम लागलं ते त्या वाक्यामुळे.

उपसरपंचाने आमच्या साहेबांना वकील केलं. ते कलम काढून टाकावं म्हणून साहेबांनी मुंबईच्या कोर्टात जायचं ठरवलं. मुंबईला मराठी कागद पाठवायचा तर त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. फिर्याद माझ्या टेबलावर आली.

त्याच सुमाराला हौसाबाई मला साताऱ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली होती. हात गळ्यात बांधलेला. माझं गाव विचारलं, काम विचारलं, आडनाव विचारलं, आणि तोंडभर हसली. "आपली बाई हितं टायपाला हाय व्हय! मग कागूद नीट जाईल आमचा." मी दुसऱ्या बाजूच्या वकिलाकडे आहे हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. डबा उघडला होता, तो तसाच बंद करून आत गेले.

मी भाषांतर करायला बसले. त्या वाक्यापर्यंत आले. आणि मला तो शब्द टाइप करता येईना.

कोणी मला सांगितलं नव्हतं. साहेब तेव्हा कोर्टात होते. ऑफिसात मी आणि पंखा. तो शब्द म्हणजे मीच. माझी आई, माझी आजी. तो माझ्या सुरेख पानावर, माझ्या हाताने, मुंबईच्या न्यायमूर्तींपुढे जाणार होता. मला त्या पानाची लाज वाटली. मी लिहिलं: उपसरपंचांनी अर्वाच्य भाषा वापरली आणि खुर्ची रिकामी करण्यास सांगितले.

किती सभ्य वाक्य. घरात दोन पिढ्या इंग्रजी असल्यासारखं.

साहेबांनी संध्याकाळी मराठी आणि इंग्रजी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. वाचताना पेन्सिल एका जागी थांबली. त्यांनी वर पाहिलं. "बाई, काय सभ्य भाषांतर केलंत! यातला एक शब्दही बदलू नका."

मी रात्रभर झोपले नाही असं काही नाही. झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांच्या टेबलापुढे जाऊन म्हणाले, "साहेब, त्या फिर्यादीत एक वाक्य पुरतं उतरलेलं नाही. दुरुस्त करून देते."

ते रागावले नाहीत. अगदी मायेने म्हणाले, "तुम्हालाच तो शब्द लिहवला नाही ना? मग न्यायमूर्तींना तरी कशाला वाचायला लावायचा? तुमचाच मान राखतोय मी, बाई. जा."

मी गेले. माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

तारा, ईशान, मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोलून घेतलंय. गावात लहानपणी वरून भाकरी टाकलेली मी झेलली आहे. पण एवढा अपमान माझा कोणी केलेला नाही. शिवी देणाऱ्याचा बचाव त्याने माझ्या लाजेतून उभा केला. आणि लाज मी त्याला आयती काढून दिली होती.

मुंबईत पहिल्याच तारखेला विचारलं गेलं, या फिर्यादीत जातीचा उल्लेख कुठे आहे? सरकारी वकिलाने इंग्रजी पानं चाळली आणि फाइल मिटली. मूळ मराठी फिर्याद मागे जोडलेली होती. कोणी उलटून पाहिली नाही. कलम गेलं. मागे राहिली ती साधी शिवीगाळ आणि धक्काबुक्की. ती गावातच मिटवली गेली. पुढच्या ग्रामसभेला हौसाबाई खाली बसली, असं मला नंतर कळलं.

साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. मी एक घेतला. त्यानंतर आणखी चार वर्षं मी तिथे काम केलं.

गॅलरीतून आत आले. लॅपटॉपवरचं पत्र पुसून टाकलं. पाटणला माझी चुलत बहीण राहते, तिला फोन केला. हौसाबाई जिवंत आहे का, एवढंच विचारलं. आहे, म्हणाली. दोन दिवसांनी मी एसटीने निघाले. कराडला गाडी बदलली. पाटणहून जीपने वर गेले.

हौसाबाई ओट्यावर घेवडा सोलत बसली होती. एक कोपर अजून वाकडं. मी नाव सांगितलं, कोर्टाचा व्हरांडा सांगितला. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"टायपाची बाई व्हय! अगं, लय म्हातारी झालीस की. बस. कुनाच्या लगनाला आलीस का?"

मी म्हणाले, तुझ्याकडेच आले आहे. आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. कोणता कागद, कोणतं वाक्य, कोणी गाळलं. घेवडा सोलायचा तिचा हात थांबला नाही.

"म्हंजे त्यो वकील न्हाई. तू गाळलंस."

"हो."

"का?"

"लाज वाटली."

"कुनाची?"

मी ओट्याच्या कडेला बसले.

"त्यानं मला शिवी दिली," ती म्हणाली. "लाज त्याला वाटाय पायजे हुती. वाटली तुला." मग शेंगा बाजूला सारून तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "ठाण्यात त्यो जमादार म्हनला, बाई, ह्ये कसं लिवू? मी म्हनलं, त्याला बोलाय येतंय, तुला लिवाय का येत न्हाई? चारदा मागं लागले. चारदा. मोडका हात घिऊन उबी हुते मी तितं. तवा लिवलं त्यानं. चौथी शिकलेली मी. तू किती शिकलीस?"

"एम. ए."

"असू दे."

तिची सून आतून आली, कोण पाहुण्या म्हणून विचारलं. हौसाबाई म्हणाली, "साताऱ्याची बाई. चा ठेव." मग मला म्हणाली, "चा पी. पन माफ बिफ काय मागू नगंस. ती माझ्याकडं न्हाई."

मी मागितली नाही.

चहा पिताना साहेबांच्या शिक्षेचं तिनेच काढलं. नातवाच्या फोनवर फुलं तिनेही पाहिली होती. "धरला म्हनं त्याला. बरं झालं. पन त्यो फौजीच्या पायी धरला. माझ्या पायी न्हाई." आणि थोड्या वेळाने, "तुला लिवायचं असंल तर आता लिव. मी हाय सांगाय. मला समदं ध्यानात हाय."

मी परत आले आणि लिहिलं. मराठीत लिहिलं, हाताने, कारण भाषांतराच्या वाटेवर ते पुन्हा सभ्य होईल अशी मला भीती वाटली. ज्यांच्याकडे सनदेचा निर्णय आहे त्यांच्याच नावाने. फिर्यादीतलं ते वाक्य पूर्ण लिहिलं. शब्द लिहिताना हात थांबला, हे लपवत नाही. लिहिला. मी काय गाळलं, साहेबांनी ते कधी पाहिलं, दुसऱ्या दिवशी ते मला काय म्हणाले, सगळं क्रमाने. गाळायला त्यांनी मला सांगितलं नव्हतं, हेसुद्धा लिहिलं. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. हौसाबाईने तिचं म्हणणं नातवाकडून वेगळ्या कागदावर लिहवून घेतलं आणि सही करून पाठवलं, तेही सोबत जोडलं.

प्राचार्यांना फोन करून सांगितलं की तुमचं पत्र मी लिहिणार नाही, मी वेगळं पाठवलं आहे. काय पाठवलं ते वाचून दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "या वयात हे कशाला? यात तुमचंही नाव खराब होईल."

"खराबच आहे," मी म्हणाले. "तेच तर लिहिलंय."

संजय घरी आला. बसला नाही. "आत्या, साऱ्या समाजाला खाली बगाय लावलंस तू."

"तुमच्या पत्रात तू मला काय लिहायला सांगत होतास? जात न बघता कामाला घेतलं. संजय, ते रोज बघत होते. आल्या-गेल्याला बोलावून दाखवत होते. आणि मी उभी राहत होते."

"मग तवा का न्हाई बोललीस? पगार घेताना बरा वाटला."

"नाही बोलले. हे तू खरं बोललास."

त्याला भांडण हवं होतं, ते मिळालं नाही. जाताना दारातून म्हणाला, "पौर्णिमेला विहारात येऊ नगंस. पोरं तापल्यात."

मी गेले. नेहमीच्या जागी बसले. माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. संजयने माझ्याकडे पाहिलं नाही. मी वंदना पुरी केली आणि घरी आले. पुढच्या पौर्णिमेलाही जाणार आहे.

नदीकाठच्या मैत्रिणी आता अर्धा तास आधी निघतात. गुळाचे व्यापारी जिन्यात भेटले की फोन कानाला लावतात. माझ्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. ते उघडलं का, हेही मला माहीत नाही. साहेबांची सनद कदाचित राहील. अपिलात ते सुटतीलही. त्या फौजीला मी अजून भेटलेले नाही. भेटणार आहे, आणि त्याला सांगणार आहे की या ऑफिसात तुझ्या आधीही माणसं विकली गेली आणि त्यातलं एक मी माझ्या हाताने बांधून दिलं.

माझ्याकडून तुम्ही इंग्रजी शिकलात. ते चांगलं आहे, जपा. फक्त एक सांगते. कोणी तुम्हाला वाक्य सभ्य करून द्या असं म्हणालं, तर ते कोणासाठी सभ्य करायचं हे आधी विचारा. मला कोणी म्हणालं नव्हतं. मी न सांगता केलं. म्हणून माझा गुन्हा जास्त आहे, आणि तो मी वयाच्या नावाखाली माफ करून घेणार नाही. चौकशीला बोलावतील तिथे मी जाईन. नाही बोलावलं तर पुन्हा लिहीन.

हौसाबाई जिवंत आहे. बाजाराच्या दिवशी पाटणला शेंगा घेऊन बसते. विचारणाऱ्याला ती ग्रामसभेच्या दिवशी काय झालं ते सगळं सांगते.